मुक्या झालेल्या स्टील गिटारची दुरुस्ती

जुनी हिंदी चित्रपटगीते ऐकताना तुमच्या लक्षात आले असेल, की मध्येच एखादे वाद्य असे वाजते, ज्याचा सूर पायरीपायरीने न चढता घसरगुंडीवरून यावा तसा एका स्वरावरून दुसऱ्यावर जातो. सतारीची मींड वाटावी, पण आवाज सतारीचा नसतो. ही हवाईयन, म्हणजेच स्टील गिटार. ती आडवी ठेवतात आणि डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरून तारांवरून सरकवतात. कांडी टेकते तेथे तारेची कंप पावणारी लांबी संपते. लांबी सलग बदलते म्हणून सूरही सलग बदलतो. व्हॅन शिप्ली यांनी या गिटारवर चित्रपटगीतांच्या कितीतरी ध्वनिमुद्रिका केल्या. ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर रागसंगीत वाजवले. 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला त्यांचीच गिटार आहे.

आमच्या मालाडमध्ये ऑर्लेमच्या बाजूला अशी वाद्ये हौसेने जपणारी घरे आहेत. त्यांतल्याच एका घरातली सहा तारांची, विजेवर चालणारी जुनी स्टील गिटार काही महिन्यांपूर्वी माझ्याकडे आली. गिटार आजोबांची, आता नातीला शिकायची होती. तार छेडली की ध्वनिवर्धकातून नुसती घरघर येई. “जुना पिकअप फेका, नवा बसवा,” असे एका दुकानदाराने सांगितले होते. घरच्यांना मात्र आजोबांच्या गिटारचा आवाज तोच हवा होता.

हा पिकअप म्हणजे काय? चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. ही तार केसासारखी बारीक, सुमारे 0.06 मिलिमीटर जाडीची, आणि तिचे वेढे हजारोंनी असतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्याने स्वतः चुंबकित होते. ती थरथरली की वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलते आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे त्यात विद्युत दाब प्रवर्तित होतो. म्हणूनच या गिटारला नायलॉनची तार लावली तर ध्वनिवर्धक गप्प बसेल. गंमत अशी, की या तत्त्वावरची पहिली यशस्वी गिटार, जी 1932 मध्ये अमेरिकेत विक्रीला आली, तीही मांडीवर ठेवून वाजवायची स्टील गिटारच होती.

अशा वेटोळ्याचा रोध सहसा काही हजार ओहम भरतो. येथे मीटरचा काटा हललाच नाही, म्हणजे तार कुठेतरी तुटलेली. भिंगातून पाहिले, तर बाहेरच्या टोकाशी, डाख दिलेल्या जागी, हिरवा गंज. मार्वेची खारी हवा आणि आमचा पावसाळा दोन्ही तांब्याचे वैरी! पण टोक बाहेरचे हे नशीबच. वरचे तीन वेढे सोडवले, लेप अलगद खरवडला, नवा डाख दिला. हजारो वेढ्यांतले तीन गेल्याने आवाजात काही फरक पडत नाही. (एक इशारा: जुन्या व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि बटन बंद केल्यावरही तो धारित्रांत टिकून राहू शकतो. त्याचे झाकण तुम्ही उघडू नका.)

आवाज परत आला, पण थोडी घरघर उरलीच. घरातल्या वीजवाहिन्या आणि ट्रान्सफॉर्मर यांचे सेकंदाला 50 आवर्तनांचे क्षेत्रही वेटोळ्याला जाणवते. यावर उपाय म्हणजे दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडणे: घरघर परस्परांना मारते. मग सूरही मरायला नको का? नाही, कारण दुसऱ्या वेटोळ्यातला चुंबकही उलटा ठेवतात. सुराची दिशा दोनदा उलटून पूर्ववत होते, घरघरीची एकदाच उलटते. युक्ती सुंदर आहे, पण तिने आवाजाचा पोत बदलतो. म्हणून मी ती टाळली. तारांची भूजोडणी नीट केली, पोकळीला आतून तांब्याचा पत्रा लावून तोही भूजोडणीला जोडला. घरघर बरीच कमी झाली. उरली ती घरच्यांनी मान्य केली.

नातीची आणखी एक मागणी होती: पेडल! पेडल स्टील गिटारमध्ये पाय दाबला की सळ्यांच्या द्वारे ठरावीक तारा ताणल्या जातात आणि वाजता वाजताच स्वरमेळ बदलतो. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. सूर एक पूर्ण स्वर चढवायचा तर कंपनसंख्या 1.122 पट हवी, म्हणजे ताण 1.26 पट. 61 सेंटिमीटर लांबीची, 0.43 मिलिमीटर जाडीची पोलादी तार सेकंदाला 247 कंपनांवर लावली, तर ताण सुमारे 10.6 किलोग्रॅम वजनाइतका असतो. पेडलने तो 13.4 होईल. एवढा जास्तीचा ओढा बसला की गिटारचा सांगाडा किंचित वाकतो आणि बाकीच्या तारा सैल पडून बेसूर होतात. चांगल्या पेडल गिटारच्या भक्कम चौकटीतही हा दोष थोडा राहतोच. आजोबांची गिटार तर एक साधी लाकडी फळी! तिला भोके पाडून सळ्या बसवणे मला पटले नाही.

पेडल येण्यापूर्वीचे वादक कांडी तिरकी धरून काम भागवत. तिरक्या कांडीने प्रत्येक तारेची लांबी वेगळी होते, त्यामुळे सुरांमधले अंतर बदलते. नात सध्या तेच शिकते आहे.