‘मे’ फुलायचा तर कात्री आवरा

22 मे 2024 रोजी ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी भर पावसात निवडणूक जाहीर केली आणि त्यांच्या भिजलेल्या कोटाची छायाचित्रं जगभर झळकली. त्या गदारोळात दुसऱ्याच दिवशी अमलात आलेल्या एका नियमाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. 1 मार्च ते 31 ऑगस्ट या काळात इंग्लंडमधल्या शेतांची जिवंत कुंपणं आता छाटायची नाहीत. कुंपणाच्या मध्यापासून दोन मीटरपर्यंत नांगर, खत, फवारणी यांतलं काही न्यायचं नाही. युरोपीय संघाच्या काळातले नियम 2023च्या अखेरीस संपले होते, तेव्हापासून जवळपास पाच महिने छाटणीच्या बाबतीत ही कुंपणं निराधार होती.

बातमी वाचून बरं वाटलं, पण हळहळही वाटली. कारण हा नियम शेतापुरताच आहे, घरामागच्या बागेला तो लागू नाही. तिथे कुंपणाचं काय करायचं हे बागेच्या मालकानेच ठरवायचं.

या कुंपणांचा कणा म्हणजे हॉथॉर्न. गुलाबाच्या कुळातलं, सफरचंदाच्या नात्यातलं काटेरी झाड. मे महिन्यात बहरतं म्हणून इथे त्याच्या फुलांना नुसतं ‘मे’ म्हणतात. 1750 ते 1850च्या सुमारास गावोगावची सामायिक कुरणं संसदेच्या कायद्यांनी वाटली गेली, तेव्हा प्रत्येक तुकड्याभोवती हॉथॉर्न लावला गेला. गुरांना अडवायला इतकं स्वस्त आणि चिवट दुसरं काही नव्हतं. ज्या काट्यांनी गरिबाचं चराऊ रान हिरावलं, तेच पुढे पाखरांचा आसरा झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांना मोठाली शेतं हवी झाली आणि जवळपास निम्मी कुंपणं उखडली गेली.

त्या उखडण्याच्या काळात मॅक्स हूपर हे शास्त्रज्ञ कुंपणांमधली झाडं मोजत होते. मला हा माणूस फार मोठा वाटतो. हंटिंग्डनजवळच्या माँक्स वुड संशोधन केंद्रात ते काम करत. ज्यांचं वय जुन्या दस्तऐवजांवरून ठाऊक होतं अशी दोनशेहून अधिक कुंपणं त्यांनी तपासली. तीस यार्डांच्या, म्हणजे सुमारे 27 मीटरच्या पट्ट्यात झाडाझुडपांच्या किती जाती आहेत ते मोजलं आणि आडाखा बांधला : जितक्या जाती, तितकी शतकं. हॉथॉर्नच्या सलग रांगेत पाखरं विष्ठेतून बिया टाकतात, वारा बिया आणतो, आणि शंभरेक वर्षांत एखादी नवी जात मूळ धरते. 1974मध्ये पोलार्ड आणि मूर यांच्यासोबतच्या ‘हेजेस’ या पुस्तकात हे सविस्तर आलं. सुरुवातीलाच मिश्र लागवड केली असेल तर हा हिशोब चुकतो, जमीन आणि हवामान बदललं तरी चुकतो. पण कुंपण हा वाचता येणारा दस्तऐवज आहे, हे हूपर यांनी लोकांना शिकवलं. पुढे 1997च्या कायद्यात कुंपण ‘महत्त्वाचं’ ठरवण्याच्या निकषांमध्येही जातींची मोजणी आली.

आता बागेकडे येऊ. हॉथॉर्न बियांपासून करायचा तर धीर हवा. बी साधारण दोन हिवाळे जमिनीत काढतं, तेव्हा कुठे उगवतं. म्हणून नोव्हेंबर ते मार्चमध्ये उघड्या मुळांची रोपं आणतात. माती नाही, पानं नाहीत, पेन्सिलीएवढ्या काड्यांची नुसती जुडी. मीटरला पाच, दोन ओळींत, एकाआड एक लावायची आणि मग जमिनीपासून 15 सेंटिमीटर ठेवून वरचं कापून टाकायचं. जीवावर येतं, पण त्यामुळेच बुडापासून फांद्या फुटतात आणि कुंपण दाट होतं. जागा थोडी असेल तर एकच झाड वाढवावं. सहा-आठ मीटरांपलीकडे ते सहसा जात नाही. ‘पॉल्स स्कार्लेट’ या दुहेरी गुलाबी फुलांच्या वाणावर बरेच जण भाळतात. मी साधं पांढरंच लावा म्हणेन. त्या भरगच्च पाकळ्यांमधून मधमाशीला वाट मिळत नाही आणि झाडाला फळही जेमतेम धरतं.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट छाटणीची. हॉथॉर्नची फुलं नव्या कोंभावर येत नाहीत, निदान वर्षभर जुन्या फांदीवर येतात. दर वर्षी सगळीकडून कातरलेल्या कुंपणावर फुलं जवळपास नसतातच, मग लाल फळं कुठून येणार? ती फळं खायला स्कँडिनेव्हियातून थंडीत थ्रश पक्ष्यांचे थवे इथे येतात. आमच्या लेस्टरशरच्या गल्लीत विजेची कात्री दर उन्हाळ्यात फिरते. कुंपणं भिंतीसारखी गुळगुळीत दिसतात आणि मे महिना हिरवाच जातो. त्यापेक्षा तीन वर्षांतून एकदा, हिवाळ्याच्या शेवटी, एकेक भाग आलटून पालटून छाटावा. चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनात 2022 साली सर्वोत्कृष्ट ठरलेल्या बागेत बीव्हरच्या बांधाशेजारी अस्ताव्यस्त हॉथॉर्न उभा होता. असं मोकळं झाडही बागेचं सौंदर्य असू शकतं, हे त्या बागेने दाखवलं.

गेल्या मे महिन्यात आई आली होती. आमचं हॉथॉर्नचं कुंपण बघून म्हणाली, “ही तर आपली करवंदाचीच जाळी की गं!” तिने एक बहरलेली फांदी तोडून तांब्यात घातली आणि देवापुढे ठेवली. संध्याकाळी घरभर शिळ्या मासळीचा वास. शेजारच्या आजींना सांगितलं, तर त्या घाबरल्याच. हे फूल घरात आणलं की मृत्यू येतो, अशी इथली जुनी समजूत. फुलांत ट्रायमिथाइलअमाइन असतं आणि कुजू लागलेल्या मांसातूनही तेच निघतं. घरात प्रेत ठेवायची रीत असलेल्या काळात लोकांना तो वास ओळखीचा होता. माश्यांना मात्र तो आमंत्रणासारखा वाटतो. आईने फांदी उचलून कुंपणाच्या बुडाशी ठेवली आणि म्हणाली, “याची जागा बाहेरच.”

परवा त्याच जागी गवत काढताना हॉली या झाडाचं चार पानांचं रोप दिसलं. मी लावलेलं नव्हतं. कुठल्याशा पाखराने टाकलेली बी. हूपर यांच्या हिशोबात आमचं पाच वर्षांचं कुंपण आता दोन जातींचं झालं. खुरपं बाजूला ठेवलं आणि कोणी चुकून उपटू नये म्हणून रोपाशेजारी एक काठी रोवली.