टाकीत उतरण्यापूर्वी
शिवडीच्या हाजी बंदरावर जुलै २०१० मध्ये पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला आणि शंभरावर माणसे रुग्णालयात गेली. तोच वायू आपल्या घाटकोपर-बोरिवलीच्या सोसायटीतही तयार होतो. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड मिसळले की झाले! सफाई कामगाराला मात्र हे दोन्ही बहुधा चिठ्ठी नसलेल्या, पाण्याच्या जुन्या बाटल्यांतून मिळते. दोष कोणाचा, तुम्हीच सांगा.

क्लोरीन हवेपेक्षा अडीचपट जड, म्हणून तळाशी साचतो. जमिनीखालच्या टाकीत वाकून घासणाऱ्याच्या नाकातोंडाशीच तो येतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. टाकीसाठी ब्लीच पुरे, तेही पाण्यात पातळ करून, ॲसिड नकोच. झाकणे आधीपासून उघडी ठेवावीत, वर एक माणूस उभा हवा. आतला कोसळलाच, तर वरच्याने खाली उतरू नये. अग्निशमन दलाचा १०१ फिरवावा.