हमीकाळातील वाहनदुरुस्ती
हमीकाळातील वाहनदुरुस्ती : ठराविक मुदतीत उद्भवलेला वाहनदोष विनामूल्य दूर करण्याचे उत्पादकाचे बंधन म्हणजे हमी. ही दुरुस्ती वारंवार फसल्यास किंवा रखडल्यास वाहन बदलून देण्याची वा किंमत परत करण्याची सक्ती अमेरिकेतील राज्यांचे ‘लेमन कायदे’ करतात (कनेक्टिकट, १९८२). सदोष मोटारीस तेथे बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात. भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हाच आधार होय.

वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याने अकोल्यास घेतलेला ट्रॅक्टर ऐन सोयाबीनच्या पेरणीत कार्यशाळेत अडकून पडला, तर हंगाम हातचा जातो. सेवेतील त्रुटी हेही तक्रारीचे कारण असल्याने निर्मितिदोष सिद्ध न झाला, तरी अवाजवी विलंबाबद्दल भरपाई मागता येते. १९८६ च्या अधिनियमाखाली अशी तक्रार बहुधा विक्रेत्याच्या जिल्ह्यात करावी लागे. आता ती वाशीमच्या जिल्हा आयोगापुढेच करता येते. उपजीविकेसाठी स्वतः वापरावयाचा ट्रॅक्टर ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षे आहे.

संपूर्ण वाहन बदलून मिळणे मात्र दुर्घट. हमीपत्रात सदोष भाग बदलण्याचेच बंधन असता अख्खी मोटार बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती उद्योगाच्या खटल्यात अमान्य केला. उलट फियाटच्या खटल्यात (२०१०) स्वतंत्र तज्ञाने अंगभूत निर्मितिदोष दाखविल्यास किंमत परत मिळावी, असे म्हटले. विलंब सिद्ध होतो तो प्रत्येक खेपेच्या तारीखवार जॉब कार्डावरून. कार्यशाळेच्या तोंडी आश्वासनांचा तेथे उपयोग नाही. तपासणी लागल्यास निकालाची मुदत तीनऐवजी पाच महिने असते. प्रत्यक्षात ती पुष्कळदा उलटून जाते.