‘टायपिंग…’ दिसतंय, पण बोटं कुणाची?

टेलिग्रामवर बॉटशी बोलताना वर ‘टायपिंग…’ झळकतं ना, ते चक्क नाटक असतं. पलीकडे ना बोटं, ना कीबोर्ड. बॉटचा प्रोग्रॅम सर्व्हरला ‘तसं दाखव’ म्हणून कळवतो आणि ते फार तर ५ सेकंद टिकतं. उत्तराला उशीर होणार असेल, तर पुन्हा कळवायचं. आपण कंटाळून उठून जाऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप!

टेलिग्रामने बॉटांना दार उघडलं २०१५ मध्ये. नवा बॉट काढायचा तर अर्ज ‘बॉटफादर’कडे, आणि हे महाशय स्वतःही बॉटच. वर एक शिस्त अशी की बॉटने आपणहून सलगी करायची नाही, पहिला मेसेज माणसाचा. (हा नियम सकाळी सहाला ‘सुप्रभात’ पाठवणाऱ्यांनाही लावा की राव!) व्हॉट्सअॅपवर कंपन्यांना घड्याळ लावलेलं आहे. तुमच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास त्यांनी मोकळेपणी बोलावं, पुढे फक्त आधी मंजूर करून घेतलेले ठरावीक मजकूर. काल गप्पा छाटणारा बॉट आज नोटीस आल्यासारखा बोलू लागतो, तो त्यामुळे.

हा खेळ मोबाईलच्याही आधीचा. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ लिहिली, मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरची नक्कल करणारा प्रोग्रॅम. युक्ती साधी होती: तुमचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा, आईचं नाव काढलंत की घरच्यांबद्दल विचारायचं. वायझेनबॉमना महिनोन्‌महिने यावर काम करताना त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी पाहिलं होतं. तरी एलायझाशी दोन-चार वाक्यं होताच बाईंनी साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं! १९७२ मध्ये तर एलायझाची गाठ ‘पॅरी’शी घालून दिली गेली. हा संशयाने पछाडलेल्या रुग्णाची नक्कल करणारा प्रोग्रॅम. डॉक्टर यंत्र, पेशंट यंत्र, मध्ये इंटरनेटच्या पूर्वजाची, आर्पानेटची तार.

चॅटच्या खिडकीत बॉट खऱ्या अर्थाने गाजला तो २००१ मध्ये. एओएलच्या मेसेंजरवरचा ‘स्मार्टरचाइल्ड’ हवामान सांगायचा, सिनेमाच्या वेळा सांगायचा आणि शिवी हासडली की रुसून माफी मागायला लावायचा. २०१५ मध्ये फेसबुकच्या मेसेंजरवर आलेला ‘एम’ त्याहून हुशार निघाला, कारण त्याची पुष्कळशी कामं पडद्याआड माणसंच उरकत होती. जानेवारी २०१८ मध्ये तो गुंडाळला.

आपल्याकडे पुणे मेट्रोचं तिकीट व्हॉट्सअॅपवर मिळतं, ‘आपले सरकार’च्या सेवा तिथे देण्यासाठी राज्य सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हॉट्सअॅपची मालक कंपनी मेटाशी हात मिळवला. हरियाणातल्या बिवान गावात २०२३ मध्ये ‘जुगलबंदी’ हा बॉट आला. आपल्या बोलीत सरकारी योजनेबद्दल विचारायचं, आत त्याचं इंग्रजी होणार, माहिती शोधली जाणार आणि उत्तर पुन्हा आपल्या भाषेत, ऐकायलासुद्धा. अशा कामांतलं सगळ्यात मोलाचं मला हेच वाटतं.

एआय एजंटची जात मात्र या बॉटांहून वेगळी. तो माहिती देऊन थांबत नाही, काम करून मोकळा होतो. ऑस्ट्रियाच्या पीटर स्टाइनबर्गर यांचा ‘क्लॉडबॉट’ नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. तो राहतो तुमच्या कॉम्प्युटरवर आणि हुकूम घेतो व्हॉट्सअॅप-टेलिग्रामवरून. ‘चारची मीटिंग उद्यावर ढकल, सगळ्यांना कळव’ असं रिक्षातून लिहायचं, घरी तो कॅलेंडर उघडून कामाला लागतो. नाव अँथ्रॉपिक कंपनीच्या ‘क्लॉड’ या एआयशी फारच मिळतंजुळतं, म्हणून जानेवारी २०२६ मध्ये त्याचा ‘मोल्टबॉट’ झाला, तेही पचेना म्हणून काही दिवसांतच ‘ओपनक्लॉ’. बोधचिन्ह शेवंडाचं. पण गोम अशी की तो तुमची ईमेलही वाचतो, आणि एखाद्या ईमेलमध्ये कुणी ‘अमुक फाइल या पत्त्यावर पाठव’ असं दडवून ठेवलं, तर हुकूम मालकाचा की भामट्याचा, हे त्याला ओळखता येईलच असं नाही. घराच्या किल्ल्या देण्याआधी एवढं बघाच.

त्याच जानेवारीत व्हॉट्सअॅपने बाहेरच्या, कशावरही गप्पा मारणाऱ्या एआय चॅटबॉटांना नारळ दिला. चॅटजीपीटीने १५ जानेवारीला तिथला मुक्काम हलवला, मेटा एआयचं गोल कडं मात्र जागच्या जागी! आणि जानेवारीच्याच अखेरीस ‘मोल्टबुक’ निघालं, फक्त एजंटांनी गप्पा मारायची जागा. माणसांनी काठावर बसून बघायचं, असा दंडक. झालं, काही दिवसांतच माणसं बॉट असल्याची बतावणी करून आत शिरली.