दिवाळखोरीने दंड आणि अपघाताची भरपाई माफ होते का?

समजा, जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरची धडक बसून दुचाकीस्वार दगावला. ट्रॅक्टर तो स्वतःच चालवत होता आणि विमा काढलेला नव्हता. फौजदारी खटल्यात त्याला दंड झाला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने मृताच्या कुटुंबाला काही लाखांची भरपाई द्यायला सांगितले. बँकेचे आणि सावकाराचे देणे आधीच डोक्यावर आहे. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "कोर्टात दिवाळं जाहीर कर, सगळं सुटतं." या सल्ल्यावर विसंबण्याआधी कायदा काय म्हणतो ते पाहू.

कायदा कोणता?

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचे नाव सर्वांनी ऐकलेले असते. पण तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. मुंबई शहराबाहेरच्या सामान्य शेतकऱ्यासाठी, दुकानदारासाठी आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करावा लागतो.

न्यायालयाने नादार ठरवले की मालमत्तेचा ताबा न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे जातो. ती विकून आलेला पैसा धनकोंमध्ये वाटला जातो. शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची आवश्यक अवजारे आणि बैल यांना संरक्षण आहे. जमिनीला ते नाही.

उरलेल्या देण्यातून सुटका हवी असेल, तर न्यायालयाचा वेगळा मुक्ततेचा आदेश लागतो. मालमत्तेतून रुपयाला आठ आणेही निघत नसतील, तर ही परिस्थिती आपल्या दोषामुळे आलेली नाही, हे नादाराला पटवून द्यावे लागते. नाहीतर पूर्ण मुक्तता नाकारली जाते.

दंडाचे काय?

दंड सुटत नाही. १९२० च्या कायद्याचे कलम ४४ सांगते की मुक्ततेच्या आदेशानंतरही सरकारी देणे, फसवणुकीतून आलेले देणे आणि पोटगीची जबाबदारी कायम राहते. शिवाय दंड ही शिक्षा आहे. तो भरला नाही तर न्यायालय तुरुंगवास देऊ शकते आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुलीही करू शकते.

भरपाईचे काय?

इथे दावा कोणत्या टप्प्यावर आहे, हे महत्त्वाचे. रक्कम ठरलेली नसेल, तर कलम ३४ नुसार अपघाताची मागणी नादारीच्या यादीत घेताच येत नाही. यादीत नाही म्हणून ती माफही होत नाही. रक्कम ठरल्यावर ती इतर देण्यांबरोबर यादीत येऊ शकते. जुन्या कायद्यात एवढीच फट आहे, आणि तिथेही शेवटचा शब्द न्यायालयाचा असतो.

नव्या संहितेने ही फट बुजवली आहे. कलम ७९ मध्ये 'वगळलेली देणी' मोजून सांगितली आहेत: न्यायालयाने केलेला दंड, निष्काळजीपणाची नुकसानभरपाई, पोटगी, शैक्षणिक कर्ज. ती दिवाळखोरीतून मुक्त झाल्यावरही फेडावीच लागतात. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका बांधकाम व्यावसायिकाच्या प्रकरणात हेच तत्त्व वापरले. वैयक्तिक दिवाळखोरीच्या अर्जामुळे लागणारी अंतरिम स्थगिती ग्राहक आयोगाने केलेल्या दंडाच्या वसुलीला अडवू शकत नाही, असा निकाल न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती प्रसन्ना वराळे यांच्या खंडपीठाने दिला.

पीडित कुटुंबाने काय लक्षात ठेवावे?

वाहनाचा विमा असेल, तर मालकाचे दिवाळे निघाले म्हणून भरपाई बुडत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५१ नुसार विमा कंपनीकडून पैसे मिळण्याचा मालकाचा हक्क अशा वेळी पीडिताकडे येतो. दाव्याचा अर्ज मात्र अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना, मुलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

मालकाने काय करावे?

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. चालकाकडे योग्य परवाना नसेल, तर विमा कंपनी पीडिताला पैसे देऊन ते नंतर मालकाकडून वसूल करू शकते. ट्रॉलीत फुकट बसवलेल्या माणसांना साधारणपणे विम्याचे संरक्षण मिळत नाही, म्हणून ट्रॉलीत वऱ्हाड नेऊ नये.

आपल्या हातून दुसऱ्याचा जीव गेला, तर त्याच्या मुलाबाळांचे देणे सहज पुसले जाऊ नये. कायद्याचा हा कल योग्यच आहे. गंगाखेड असो वा पाथरी, ट्रॅक्टर रस्त्यावर काढण्याआधी विम्याची तारीख तपासा आणि संपली असेल तर आजच नूतनीकरण करा.