चढावर जीप बंद का पडते?

फिरत्या दवाखान्याची जुनी डिझेल जीप मी सातपुड्यात चालवतो. अशी गाडी सपाटीला नीट धावते, घाट लागला की झटके खाते आणि बंद पडते. मागे अडलेली बाई असली तर जीव टांगणीला लागतो.

अशा वेळी लगेच पंप-नोझल उघडू नये, ते खर्चाचे काम. आधी डिझेल पोचते का ते पाहावे. इंजिन बंद ठेवून फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करावा आणि हातपंप मारावा. फेस आला तर लाइनने हवा घेतली आहे. टाकी ते फीड पंप ही ओढीची बाजू. तिथे पाइप चिरला तर डिझेल बाहेर गळेलच असे नाही, हवा मात्र आत जाते. म्हणून कोरडा दिसणारा पाइपही वाकवून तपासावा. फेस थांबून सलग धार येईपर्यंत पंप मारावा, मग स्क्रू आवळावा.

धारच बारीक असेल तर बहुधा फिल्टर तुंबला. चढावर इंजिनाला डिझेल जास्त लागते, म्हणून तो तिथेच उघडा पडतो. पावसाळ्यात कॅनमधल्या डिझेलचा तर मला भरवसाच नाही. थोडे काचेच्या बाटलीत घेऊन ठेवावे. पाणी असले तर तळाला बसते.

सीटखाली मी एक फिल्टर, दोन क्लिपा आणि दहा-बाराचा पाना कायम ठेवतो.