घरच्या घरी गांडूळखत

न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा लेख द्या, असे संपादक मंडळाने सुचविले. मी विषय सांगितला, तेव्हा क्षणभर सगळेच गप्प झाले. उत्सवाच्या अंकात कचरा आणि गांडुळे! परंतु विषय वाटतो तितका अमंगळ नाही. शिवाय खताशी आपल्या इंदूर शहराचे जे जुने नाते आहे, ते फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असेल.

सन १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या जमिनीवर येथे ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संशोधनसंस्था उभी राहिली. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९३१ पर्यंत येथे काम केले. शेतातील काडीकचरा, गोठ्यातील शेण, गुरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि थोडी राख यांचे थर रचावयाचे, ठराविक काळाने ते उलथेपालथे करावयाचे, आणि सुमारे तीन महिन्यांत शेताला उत्तम खत द्यावयाचे, अशी पद्धत त्यांनी येथे बसविली. या कामात त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. दोघांच्या नावाने या पद्धतीवरचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे देशोदेशींच्या शेतकऱ्यांत ती ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाऊ लागली. त्या पुस्तकावर एक मराठी आडनाव आहे, हे आपण आपल्या मुलांना क्वचितच सांगतो. म्हणून येथे मुद्दाम नमूद केले.

अलीकडचा इतिहास सर्वांना ठाऊक आहेच. सन २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरने वर्षामागून वर्ष पहिला क्रमांक राखला. फेब्रुवारी २०२२ मध्ये देवगुराडिया येथे ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करण्याचा प्रकल्प सुरू झाला. रोज ५५० टन कचरा पचविण्याच्या क्षमतेचा तो उभारला गेला. तेव्हा वाचक विचारतील की, मास्तर, दारात गाडी येते, ओला कचरा घेऊन जाते, त्याचा गॅस होतो. मग घरात गांडुळे पाळण्याचा खटाटोप कशासाठी?

शंका रास्त आहे. गाडीशी स्पर्धा करण्याचा माझा हेतू नाही. आमच्या घरचा बराचसा कचरा आजही गाडीतच जातो. परंतु दोन गोष्टी गाडी करू शकत नाही. गच्चीवरच्या कुंड्यांतील माती दर वर्षी निकस होत जाते, ती गाडी सुधारू शकत नाही. आणि आपण रोज किती अन्न वाया घालवितो, हे ती आपल्याला सांगू शकत नाही. गांडुळांचा डबा मात्र हे रोज सांगतो, आणि ऐकले नाही तर शिक्षाही करतो. ती शिक्षा मी भोगली आहे. ती हकीगत पुढे येईलच.

गांडूळ करते काय?

चार्ल्स डार्विन हे नाव माकड आणि माणूस यांच्या संदर्भात सर्वांना माहीत असते. पण त्यांचे शेवटचे पुस्तक, जे १८८१ मध्ये निघाले, ते गांडुळांवर होते. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत एका एकरातील गांडुळांच्या पोटातून वर्षाला दहा टनांहून अधिक माती जाते, असा हिशेब त्यांनी त्यात मांडला. ज्याला आपण पायाखाली तुडवितो, तो जीव जमिनीचा नांगरगडी आहे, हे त्यांनी जगाला पटवून दिले.

गांडुळाला दात नाहीत, डोळे नाहीत, फुप्फुसेही नाहीत. ते ओलसर कातडीतून श्वास घेते. म्हणून कोरड्यात ते मरते आणि साचलेल्या पाण्यात हवेवाचून गुदमरते. दातांचे काम त्याच्या पोटातील एक स्नायुमय पिशवी करते. तीत वाळूचे बारीक कण असतात, आणि जात्यात दळावे तसे अन्न त्यांच्यामध्ये दळले जाते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ताजी काकडीची साल गांडूळ खाऊ शकत नाही. आधी डोळ्यांना न दिसणारे जीवाणू आणि बुरशी ती साल मऊ करतात. मग गांडूळ त्या जीवाणूंसकट तिचा घास घेते. बाहेर पडते ती काळसर, रवाळ, मातीच्या वासाची विष्ठा. हेच गांडूळखत, येथल्या बाजारात ‘केंचुआ खाद’ म्हणून मिळते ते.

जाता जाता एक गैरसमज दूर करतो. गांडूळ मधोमध तोडले की त्याची दोन गांडुळे होतात, असे वर्गातील मुले हमखास सांगतात. तसे होत नाही. काही जातींत डोक्याकडचा भाग जगला तर त्याला नवी शेपटी फुटू शकते, एवढेच. तेव्हा हाती खुरपे असेल तर जपून.

हॉवर्ड यांच्या ढिगात आणि आपल्या डब्यात मोठा फरक आहे तो उष्णतेचा. मोठा ढीग आतून ६० अंशांपर्यंत, कधी त्याहूनही अधिक तापतो, आणि त्या उष्णतेत खत पिकते. गांडुळाला ३५ अंशांपलीकडचे ऊन प्राणघातक होते. म्हणून गांडुळांचा डबा उथळ असावा आणि त्यात कचऱ्याचा ढीग कधी करू नये.

डबा कसा मांडावा?

बागेत खणून सापडणारी लांबलचक गांडुळे येथे उपयोगाची नाहीत. ती जमिनीत खोल बिळे करून राहतात व माती खातात. डब्यात ती तग धरत नाहीत. आपल्याला हवीत पृष्ठभागावर राहून कुजका पाला खाणारी. ‘आयसेनिया फेटिडा’ ही तांबूस, बारीक जात बहुतेक ठिकाणी मिळते. ‘युड्रिलस युजिनी’ ही मोठी आफ्रिकी जात व ‘पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस’ ही आपल्याकडची जातही चालते. खत विकणाऱ्या शेतकऱ्याकडून वा रोपवाटिकेतून अर्धा किलो गांडुळे आणावीत.

दोन फूट लांब, दीड फूट रुंद आणि फूटभर खोल असा लाकडी वा प्लॅस्टिकचा खोका घ्यावा. तळाला व बाजूंना भोके पाडून तो दोन विटांवर ठेवावा आणि खाली ताटली सरकवावी. आत सहा इंच अंथरूण घालावे: फाडलेले वर्तमानपत्र व पुठ्ठा, सुका पालापाचोळा, नारळाच्या शेंड्या. हे सारे भिजवून, घट्ट पिळून घालावे. त्यात दोन मुठी बागेतील माती मिसळावी. वर सांगितलेल्या जात्याला खडे तिच्यातूनच मिळतात. मिळाल्यास थोडे जुने शेण घालावे. ताजे शेण तापते, ते घालू नये. दोन-तीन दिवस हे असेच ठेवून मग गांडुळे सोडावीत. पहिल्या रात्री वर दिवा लावून ठेवावा. त्यांना प्रकाश सोसत नाही, म्हणून ती आत शिरतात आणि पळून जात नाहीत. वर ओले गोणपाट झाकावे.

मोजून घास

आता मुख्य मुद्दा. शिक्षकाचा स्वभाव म्हणून मी महिनाभर घरातला ओला कचरा काट्यावर तोलला. आम्ही पाच माणसे. रोजचा कचरा पाऊण किलोच्या आसपास भरला. सर्व काही मनाजोगते असेल तर गांडुळे दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मे खातात, असे धरून चालतात. म्हणजे अर्धा किलो गांडुळांना रोज पाव किलो, आणि नवख्याने तर त्याहून कमीच, दीडशे-दोनशे ग्रॅम द्यावे. बाकीचा अर्धा किलो गाडीत. गांडुळे वाढतील तसा घास वाढवावा.

हा हिशेब मी पहिल्या वर्षी धाब्यावर बसविला. ईदच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या पानांतली उरलेली बिर्याणी आणि रस्सा पातेल्यात पडून होता. टाकण्यापेक्षा जिवांच्या मुखी जावा, अशा उदार बुद्धीने मी तो डब्यात रिता केला. मीठ, तेल, मसाला आणि मांस, चारही गोष्टी त्यांना वर्ज्य. रात्रीतून सगळे आंबले आणि तापले. सकाळी गॅलरीच्या फरशीवर शेकडो गांडुळे वाळून पडलेली दिसली. जी पळू शकली नाहीत ती आतच संपली होती. अम्मी बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. मग एवढेच म्हणाल्या, “बेटा, रानातला जीव आपलं पोट आपण बघतो. तू यांना पाळलंस. यांचं पोट तुझ्या हातात होतं. आणि इतकं अन्न उरलंच कसं?”

पहिल्या वाक्याने मी खजील झालो. शेवटच्या प्रश्नाने विचारात पडलो. अन्नाच्या उधळपट्टीला आमच्या घरी ‘इस्राफ’ म्हणतात आणि तो दोष समजतात. ताटात काही टाकू नये, हा तुम्हा सर्वांच्या घरचाही नियम आहे. तो नियम मी पाळतो, असे मला वाटत होते. त्या दिवसापासून आमच्याकडे पाहुण्यांसाठी तांदूळ मोजून भिजू लागले.

तेव्हा काय द्यावे हे नीट ध्यानात ठेवावे. भाज्यांची देठे, दुधी-दोडक्याच्या साली, मटारची टरफले, केळी-पपईची साले, धुतलेला चहाचा चोथा आणि कुटलेली अंड्याची टरफले चालतात. रमजानात टरबुजाच्या साली फार निघतात. त्यांत पाणी पुष्कळ असते, म्हणून थोड्याच आणि सुक्या पाल्याबरोबर द्याव्यात. शिजलेले खारट-तेलकट अन्न, मांस, हाडे, मासे, दूध-दही, लोणचे देऊ नये. लिंबू-संत्र्याच्या साली, कांदा, लसूण व मिरची बेताने. कुत्र्या-मांजरांची विष्ठा कधीही नाही. सारे बारीक चिरावे, रोज नव्या कोपऱ्यात पुरावे आणि वर मूठभर सुका पाला पसरावा. आधीचा घास दिसेनासा झाल्यावाचून पुढचा देऊ नये.

दुखणी व उपाय

निरोगी डब्याला पहिल्या पावसाचा वास येतो. घाण वास आला, तर समजावे की घास जास्त झाला किंवा पाणी साचले. अशा वेळी खाणे बंद करावे, सुका पुठ्ठा व पाला मिसळावा आणि हलक्या हाताने वर-खाली करावे, म्हणजे हवा खेळते. ओल पाहण्याची रीत सोपी आहे. मूठभर अंथरूण दाबावे. एक-दोन थेंब निघाले तर ठीक. धार लागली तर ओल जास्त, काहीच न निघाले तर कमी. चिलटे झाली तर घास खोल पुरावा. मुंग्या लागल्या तर अंथरूण कोरडे पडले आहे, असे जाणून पाणी शिंपडावे व विटा पाण्याच्या थाळीत ठेवाव्यात.

इंदूरचा मे महिना ही खरी परीक्षा. पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा डबा गच्चीवरून उतरवून घराच्या सर्वांत थंड कोपऱ्यात, मोरीजवळ वा जिन्याखाली ठेवावा, गोणपाट दिवसातून दोनदा भिजवावे आणि घास निम्म्यावर आणावा.

खत काढणे व वापरणे

दोन ते तीन महिन्यांत अंथरूण ओळखू न येण्याइतके काळे व रवाळ होते. मग ते कागदावर शंकूसारखे रचून उजेडात ठेवावे. गांडुळे तळाकडे सरकतात; वरचे खत हळूहळू काढून घ्यावे. शेवटी उरतो गांडुळांचा पुंजका, तो नव्या अंथरुणात सोडावा. लिंबाच्या आकाराचे पिवळसर, मोहरीहून थोडे मोठे दाणे दिसले तर ते फेकू नयेत. ती गांडुळांची अंडकोशे होत. एकेकातून दोन-तीन पिले निघतात.

कुंडी भरताना चार भागांत एक भाग खत पुरे. लावलेल्या झाडाला महिन्यातून एक मूठ. ताटलीत गळलेले पाणी थेट झाडांना घालू नये. दहापट पाणी मिसळून मुळाशी द्यावे, पालेभाजीच्या पानांवर शिंपडू नये. हे खत तापत नसल्यामुळे त्यातील बिया व रोगजंतू मरतातच असे नाही. आमच्या मोगऱ्याच्या कुंडीत टोमॅटोची रोपे उगवली, ती यामुळेच. खत हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

शेवटी एक विनंती. आमच्या डब्यात आता पहिल्यापेक्षा दुप्पट गांडुळे आहेत, आणि ती कोणाला विकत देण्याचा विचारही मनात येत नाही. दही लावायचे झाले तर आपण शेजारी वाटी घेऊन जातो आणि विरजण मागून आणतो. त्याचे कोणी पैसे घेत नाही. गांडुळांचेही तसेच व्हावे. न्यासाच्या ज्या कुटुंबाला डबा मांडावयाचा असेल, त्यांनी रविवारी सकाळी एक वाटी घेऊन यावे. घेऊन जाताना मात्र एक वचन द्यावे लागेल: घास मोजून द्यावा, आणि घरातला तांदूळही.